फ्राइजवाल्या म्हातारीचे वकील

गजभिये काकांसमोर बसून तुम्ही फ्राइजचा पुडा उघडलात, की ते त्यावर आपला पंजा ठेवतात. "थांबा जी. आधी ऐका, मंग खा." मग बेल्जियममधल्या एका बंदरापासून इतिहास सुरू होतो आणि तो बहरीनमधल्या आमच्या सनद या वस्तीपर्यंत पोचेस्तोवर फ्राइजचं चामडं झालेलं असतं.

काका आमच्याच बिल्डिंगमध्ये, वरच्या मजल्यावर एकटे राहतात. मूळचे भंडाऱ्याचे. बहरीनमध्ये बावीस वर्षं एका युरोपियन फास्ट फूड साखळीची तळणीची मशीनं दुरुस्त करतायत. साखळीचं नाव लिहीत नाही. इथे ते कुणालाच धड उच्चारता येत नाही, म्हणून तिच्या लोगोवरून सगळे 'पिवळी छत्री'च म्हणतात.

कंपनीच्या संस्थापकाला काका 'आपला म्हातारा' म्हणतात, जणू तो त्यांच्या भावकीतला. आपल्या म्हाताऱ्याने गोदीवर हातगाडी लावली. बटाटा दोनदा तळला की कुरकुरीत होतो, हा शोध तिथेच लागला. मग स्टेशनजवळ दुकान झालं. मग दोन मुलगे सॉस गोड हवा की आंबट यावरून इतके भांडले, की एकाच दुकानाला दोन दरवाजे पडले. "आपल्याकडे शेताच्या धुऱ्यावरून भांडतात ना, तसेच," काका मोठ्या समाधानाने सांगतात. शेवटी नातवंडांनी सगळंच एका जर्मन कंपनीला विकलं, त्यांनी आखातात फ्रँचायझी दिली, आणि सखीरला युनिव्हर्सिटीजवळ इथलं पहिलं दुकान निघालं. त्या दुकानात पहिलं तेल काकांनी ओतलं. हा भाग ते उभं राहून सांगतात.

लिफ्टमध्ये ते दिसले की माझी लेक कुजबुजते, "मम्मी, नॉट द पटेटो अंकल." काकांना बरोबर ऐकू येतं. "व्हय बेटा, तोच," ते म्हणतात.

गेल्या हिवाळ्यात अमवाज आयलंड्सवर नवं दुकान उघडलं. काकांची गाडी गॅरेजमध्ये होती, म्हणून दुपारी मी त्यांना सोडायला गेले आणि फुकटच्या फ्राइजसाठी थांबले. बेल्जियमहून एक कोवळा डायरेक्टर आला होता. मागे भिंतभर एक जुना फोटो: हातगाडी आणि शेजारी टोपीवाला संस्थापक. डायरेक्टर माइकवर म्हणाला, "एक माणूस, एक गाडी, एक स्वप्न."

तळणीच्या मशीनमागून हात वर झाला.

"सर, एक नाही," काका इंग्रजीत म्हणाले. "दोन माणसं."

इजिप्शियन मॅनेजर दबक्या आवाजात "खलास, खलास", म्हणजे पुरे, पुरे, म्हणत होता. काकांनी शर्टाच्या खिशातून लॅमिनेट केलेला एक कागद काढला. पहिल्या मशीनबरोबर आलेल्या मॅन्युअलमधला तोच फोटो, पण अख्खा. त्यात गाडीच्या कडेला एक बाई उभी होती, हातात झारा घेऊन. भिंतीवर नेमकी तीच कापली गेली होती.

"यांचे दोन्ही हात खिशात आहेत, सर. झारा बाईंच्या हातात. मग तळत कोण होतं?"

हॉलमध्ये कुणीतरी फिस्सकन हसलं. डायरेक्टरने फोटो पाहिला, वळून भिंत पाहिली आणि कान लाल करून म्हणाला, "खरं सांगू? मला त्यांचं नावही माहीत नाही." मॅनेजरने घाईघाईने "इंशाल्ला, शोधू" म्हटलं आणि "यल्ला, यल्ला" करत फ्राइज वाटायला घेतल्या. डायरेक्टर मात्र कोपऱ्यात जाऊन त्या कागदाचा मोबाइलवर फोटो काढत होता.

परतताना मी काकांना झापलं. "अशाने नोकरी जाईल ना तुमची. कोण कुठली बाई, तिच्यासाठी एवढं?"

काकांनी तो लॅमिनेट केलेला कागद खिशात नीट सरकवला. मग म्हणाले, "आमची घरवाली भज्याचं दुकान चालवते ना, ताई. भंडाऱ्याले, बस स्टँडजवळ. मी इकडे आलो त्याच सालात तिनं टाकलं. बोर्डावर माझं नाव हाये, 'सुखदेव भजी सेंटर'. अन् सुखदेवनं आजपर्यंत एक भजं तळलं नाही."

"मग बदला की बोर्ड."

"दर सुट्टीत म्हनतो. ती म्हनते, राहू द्या, लोकाइले सवय झाली." त्यांनी सीटबेल्ट उगाच ओढून पाहिला. "सुट्टीत गेलो का दिवसभर तिथंच स्टुलावर बसतो. मदत कराले उठलो, तर तिच्या मधातच येतो. बस म्हनते. मंग गिऱ्हाईक तिले विचारते, हे कोन बसले जी?"

"मग काय सांगतात त्या?"

"सांगते, बोर्डावर नाव हाये ना, ते हायेत."

मला हसू आलं. शेजारी पाहिलं, तर काका काच खाली करून समुद्राकडे बघत होते.