व्याख्येबरहुकूम खिलत

शब्दकोशाच्या कचेरीत त्यांना सगळे अचूकबाई म्हणत, आणि खरं सांगायचं तर त्यांनाही ते आवडायचं! मुख्य संपादक, म्हणजे मोठे सर, निवृत्त होत होते. त्यांच्या खुर्चीवर अचूकबाई बसणार की टिपणराव, एवढंच सरांनी सांगायचं बाकी होतं. टिपणराव म्हणजे कुणी शिंकलं तरी "उदाहरण मिळालं!" म्हणत लिहून घेणारा माणूस.

बाईंनी बेत आखला. निरोप समारंभात सरांना द्यायची ती खिलत! खिलत म्हणजे राजाने खूश होऊन दिलेला मानाचा पोशाख. बाईंनीच तो शब्द नुकताच कोशात घेतला होता. आता ही वस्तू बाजारात कुठून मिळणार? पण नवऱ्याचं शिवणकामाचं दुकान होतं की!

"ही घ्या व्याख्या," बाई म्हणाल्या. "'भरजरी कापडाचा, पायघोळ, हाताहून लांब बाह्यांचा, पुढून-मागून सलग असा झगा.' यात सगळं आलंय. तुमचं डोकं अजिबात चालवू नका!"

"छे गं! तुझ्या शब्दाबाहेर मी कधी गेलोय?"

बायकोच्या हुशारीचं त्याला भारी कौतुक. एवढा मोठा झगा एका ओळीत मावला कसा, हे तो येईल त्या गिऱ्हाइकाला ऐकवत बसला.

समारंभात बाईंनी झोकात सांगितलं, "खिलत मिळाली की सर्वांसमोर, तिथल्या तिथे अंगावर चढवायची!"

झगा उलगडला तशी कपाटांनी कोंदलेली ती खोली लखलखली. सरांना भरून आलं. उशीला अभ्रा चढवावा तसा त्यांनी तो डोक्यावरून घेतला. हात बाह्यांत शिरले, घेर घोट्यापर्यंत उतरला, डोकं मात्र काही केल्या बाहेर येईना!

"सर, अजून जरा वर!"

"वर वाटच नाहीये!" आतून आवाज आला. "गळा कुठाय?"

झगा घेऊन आलेल्या नवऱ्यावर बाईंनी डोळे वटारले. तो कुजबुजला, "व्याख्येत नव्हता गं!"

सर चाचपडत कपाटावर आदळले. हाही रिवाजच असणार असं समजून मंडळींनी टाळ्यांचा कडकडाट केला! टिपणराव भराभर लिहू लागले, "प्रथम मुख झाकून कपाटास स्पर्श करावा. उदाहरण मिळालं!"

"सर, गुदमरताय का हो?" बाई रडकुंडीला आल्या.

"थोडासा. पण कापड काय सुरेख आहे!"

शेवटी नवऱ्याने कात्री चालवली आणि भोकातून विस्कटलेल्या केसांचे सर एकदाचे वर आले. बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. खुर्ची हातची गेली!

"बाई, चुका दोन," सर म्हणाले. "व्याख्येत गळा घाला, ते सोपं आहे. पण वापरही चुकला. खिलत खालच्याने वरच्याला द्यायची नसते. ती वरच्याने खालच्याला द्यायची."

त्यांनी झगा उतरवला आणि सावकाश बाईंच्या गळ्यात घातला.

"जन्मभर शब्दांचे अर्थ लिहीत आलो. पण झोपलेला शब्द असा कापडासकट कुणी उठवून उभा केला नव्हता. तुमच्यामुळे आज एका शब्दाच्या आत जाऊन आलो! खुर्ची तुमची."

सगळ्यात आधी टाळी वाजवली ती टिपणरावांनी. बाईंचे डोळे भरून आले. पुसायला हात काही बाहीबाहेर येईना.

"आता काढू का सर?"

"छे! मिळालेली खिलत मिरवत घरी न्यायची असते. वापर पूर्ण करा!"

भर दुपारी, भर रस्त्यातून, वेडावाकडा गळा आवळून धरत अचूकबाई मान खाली घालून झपाझप निघाल्या. मागे नवरा घेर सावरत येत होता, आणि प्रत्येक दुकानापाशी थांबून छाती फुगवून सांगत होता,

"व्याख्या हिची, शिलाई माझी!"