आठ नंबरची रिकामी जागा

रिकामी जागा दिसली की माणूस स्वस्थ बसत नाही, हा मानवी प्रगतीचा पाया आहे. खंडच्या खंड याच स्वभावामुळे सापडले. तिथे आधी कोण राहत होतं, ही चौकशी लोकांनी मागाहून सवडीने केली. टोकियोशेजारच्या आमच्या उरायासुतल्या शशिकांतांनी एका रविवारी आठ नंबरच्या पार्किंगमध्ये आपली गाडी घातली, ती घटना याच थोर परंपरेत बसते.

शशिकांत मूळचे पुण्याचे, सॉफ्टवेअरमधले. (उरायासुत आम्ही सगळेच सॉफ्टवेअरमधले. जे नाहीत, ते सॉफ्टवेअरवाल्यांचे नवरे किंवा बायका.) त्यांच्या बिल्डिंगखाली कुरिहारा-सान (सान म्हणजे आपलं ‘राव’) नावाच्या आजोबांचं छोटं खाजगी पार्किंग आहे. एकूण आठ जागा. सात नंबर शशिकांतांकडे भाड्याने. जपानात गाडी ठेवायला जागा आहे असं दाखवल्याशिवाय गाडी आपल्या नावावर होत नाही (हे ऐकून माझे सासरे दोन दिवस हसत होते), त्यामुळे सात नंबरसाठी शशिकांत दोन वर्षं थांबले होते. शिवाय तो स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसे. नेत्रावहिनींना, म्हणजे त्यांच्या पत्नीला, गॅसवरचं दूध आणि खालची गाडी एकाच जागी उभं राहून बघता येई. वहिनींचा त्या जागेवर जीव होता, आणि तसं त्या चारचौघांत सांगतही.

त्या रविवारी ओसाकाहून मित्र अवधूत सहकुटुंब गाडीने आला. पाहुण्याने पैसे भरून पार्किंग शोधायचं आणि आपण वर पोहे परतत बसायचं, हे आपल्याला शोभत नाही. शशिकांतांनी सात नंबर पाहुण्याला दिला आणि स्वतःची गाडी शेजारच्या आठ नंबरात लावली. आठ नंबर कायम रिकामाच असे. तिथे ‘न विचारता गाडी लावल्यास तीस हजार येन’ अशी पाटी होती. शशिकांतांनी ती वाचली होती. पण पाटीवरून लिहिणाऱ्याचा स्वभाव कळतो, त्यापलीकडे तिचा उपयोग नाही, असं त्यांचं लहानपणापासूनचं मत.

गाडी पाचच मिनिटांसाठी लावली होती. (हे आपलं पारंपरिक माप आहे. त्यात पोहे, चहा, जेवण, वामकुक्षी, पुन्हा चहा आणि ‘निघतो आता’ म्हणून दारात उभ्याने मारलेल्या गप्पा सहज मावतात.) कुरिहारा-सान रोज सकाळ-संध्याकाळ पार्किंग झाडतात. त्यांनी सकाळी झाडताना गाडी पाहिली, संध्याकाळी झाडतानाही पाहिली. त्यांनी वायपरखाली ‘कृपया भेटावे’ एवढीच चिठ्ठी ठेवली.

नेत्रावहिनी इथल्या पाळणाघरात नोकरी करतात, त्यामुळे त्यांना हा देश आमच्यापेक्षा जास्त कळतो. त्यांनी उपाय सुचवला, तो फारच बाळबोध होता. स्टेशनजवळच्या दुकानातून मिठाईचा चांगला खोका घ्यायचा, आजोबांच्या दारात जायचं, वाकायचं आणि चुकलं म्हणायचं. शशिकांत म्हणाले, माफी मागणं म्हणजे गुन्हा कबूल करणं.

“शशी, कायद्याचं राहू दे,” वहिनी म्हणाल्या. “सात नंबरपण त्यांचाच आहे. मार्चमध्ये करार संपतोय. आपली जागा जाईल.”

शशिकांतांना हा युक्तिवाद भावनिक वाटला. ते गेले नाहीत. कुरिहारा-सानांनी महिनाभर वाट पाहिली आणि मग छोट्या दाव्यांच्या कोर्टात तीस हजारांचा दावा लावला.

आमच्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर त्या दिवशी चैतन्य पसरलं. पुष्करने पाटी म्हणजे करार नव्हे असं ठणकावलं. विजयकुमारांनी पाटीतली अक्षरं मोजपट्टीने मोजून घ्यायला सांगितलं. केतकीने कुणाला जुना फ्रिज हवाय का असं विचारलं. माफी माग, असं सुचवण्याइतका भित्रा माणूस ग्रुपवर एकही निघाला नाही, याचा मला सेक्रेटरी म्हणून अभिमान वाटतो.

शशिकांतांनी बचावासाठी स्लाइड्स केल्या, कारण आपल्या माणसाला दुसरं काही करता येत नाही. एका स्लाइडवर रिकाम्या जागेचं नुकसान शून्य असल्याचा आलेख होता. दुसरीवर गाडीने अडवलेल्या लोकांची यादी होती, ती कोरी. (ही स्लाइड सर्वांत परिणामकारक ठरेल, असं आमचं मत पडलं.)

कोर्टाने मात्र निराशा केली. साक्षीदाराचा पिंजरा नाही, आरडाओरडा नाही. एक गोल टेबल आणि त्याभोवती सगळे बसलेले, जशी सोसायटीची मीटिंग. फरक एवढाच की इथे लोक एकमेकांचं ऐकत होते. न्यायाधीशबाईंनी कुरिहारा-सानांना विचारलं, आठ नंबर रिकामा का ठेवता?

आजोबा म्हणाले, तो भाडेकरूंच्या पाहुण्यांसाठी आहे. पैसे नाहीत. फक्त आधी एक फोन करायचा.

बाईंनी शशिकांतांना विचारलं, मग फोन का नाही केला?

“पाच मिनिटांसाठी त्यांना कशाला त्रास द्यायचा,” शशिकांत म्हणाले. यातला शब्दन् शब्द खरा होता.

मग आजोबा म्हणाले की पैसे नकोत, चुकलं एवढं म्हटलं तरी दावा मागे घेतो. बाईंनीही तडजोड सुचवली. शशिकांत आमच्याकडे बघायला वळले. मागच्या बाकांवर आम्ही अकरा जण सुट्टी टाकून बसलो होतो. वहिनी मान हलवून ‘हो म्हण’ सांगत होत्या, पण आम्ही दहा जण मुठी आवळून होतो. शशिकांतांनी पुढची स्लाइड काढली.

आणि ते जिंकले. नुकसान तेवढीच भरपाई, म्हणून आसपासच्या दराने दिवसभराचं पार्किंग भरावं, असा निकाल लागला. तो आकडा आम्ही नंतर खाल्लेल्या पावभाजीपेक्षाही कमी होता. परक्या मुलखात मराठी माणसाने मिळवलेला हा विजय मंडळाच्या वार्षिक अहवालात ठळक अक्षरांत छापला आहे.

फेब्रुवारीत कुरिहारा-सान स्वतः शशिकांतांच्या दारात आले. कमरेत वाकले, बराच वेळ वाकलेलेच राहिले, आणि अत्यंत दिलगीर आहे, म्हणाले, पण सात नंबरचा करार वाढवता येणार नाही. सोबत त्यांनी मिठाईचा खोका आणला होता. वहिनींनी वेष्टनावरूनच ओळखलं, स्टेशनजवळच्या दुकानातला.

शशिकांतांनी कायदा पाहिला. तो पूर्णपणे आजोबांच्या बाजूने होता. दोघं नवराबायको स्वयंपाकघरात उभ्यानेच मिठाई खात राहिले. वहिनी रडल्या नाहीत, पण त्या दिवशी दूध उतू गेलं.

आता गाडी खाडीच्या पलीकडे उभी असते. तिथवर जायला बस आहे. सात नंबर रिकामा आहे. आजोबा तो झाडतात आणि पाहुण्यांसाठी राखून ठेवतात, फक्त आधी एक फोन करायचा. निकालाची प्रत शशिकांतांनी फ्रेम करून स्वयंपाकघराच्या खिडकीशेजारी लावली आहे.

वाचकहो, तुम्हाला शशिकांतांचं हसू आलं असेल. येणारच, तुमच्या हातून असं कधी होत नाही. तुमचा फार वेळही घेतला नाही, पाचच मिनिटं झाली. पण खाली मघापासून कोण तो हॉर्न वाजवतंय, तेवढं जरा बघून या.