तिसऱ्या मजल्यावरचं हसू

सेक्रेटरीकाकांना एका गोष्टीचा भारी अभिमान होता. बिनलग्नाचं जोडपं ते म्हणे नुसत्या आवाजावरून ओळखत. बिल्डिंगमधल्या बाकीच्यांना स्वतःचं असं काही मत नसल्यामुळे त्यांनी ही विद्या मुकाट्याने मान्य केली होती.

तिसऱ्या मजल्यावर नवे भाडेकरू आले. तो चष्मे बनवायचा, ती पलीकडच्या शाळेत गणित शिकवायची. दोघं जिना चढताना हसायची, दार लावल्यावरही हसायची. काकांनी बल्ब तपासायच्या निमित्ताने आठवडाभर जिन्यात उभं राहून कान दिला आणि कमिटीपुढे निकाल ठेवला.

"लग्न झालेली माणसं एकमेकांशी इतकं बोलतात का? परवा तर तो तिला 'दमलीस का' म्हणाला."

कमिटीतल्या दाताच्या डॉक्टरांनी मान डोलावली. "छे, नवरा असं विचारत नाही."

"नाहीतर दुसऱ्या मजल्यावरचे बघा. सकाळी सातला ओल्या टॉवेलवरून जुंपते. याला म्हणतात संसार."

एवढ्या भक्कम पुराव्यावर तिसऱ्या मजल्याला नोटीस गेली, महिन्याभरात घर खाली करा म्हणून. शाळेजवळ दुसरं घर मिळेना, तसं वरचं हसणं बंद झालं. काकांना ही सुधारणा वाटली.

मीटिंगला ती दोघं आली. चष्मेवाल्याने लग्नाचं सर्टिफिकेट टेबलावर ठेवलं. तारीख अकरा वर्षांपूर्वीची होती. काकांनी कागद उलटसुलट केला, उजेडासमोर धरला.

"अकरा वर्षं? आणि अजून हसता?"

तेवढ्यात दुसऱ्या मजल्यावरच्या बाई उठल्या. "काका, नोटीस चुकीच्या मजल्यावर गेली. लग्न आमचं झालेलं नाही. टॉवेलचं एकदा मिटलं की करू, असं सहा वर्षं चाललंय."

डॉक्टर मोबाईलमध्ये काहीतरी शोधू लागले. "दुसऱ्या मजल्यावरची माणसं तशी सभ्य आहेत हो," ते शेवटी पुटपुटले. तिसऱ्या मजल्याची नोटीस मागे घेतली गेली, दुसऱ्या मजल्याचं कुणी नावही काढलं नाही, आणि माफी मागायची कुणाला आठवण झाली नाही.

काकू मागच्या खुर्चीवर बसून सगळं ऐकत होत्या. घराचं कुलूप काढताना त्या शांतपणे म्हणाल्या, "एक बरं आहे. तुमच्या कसोटीने आपल्या लग्नाला कागद दाखवावा लागायचा नाही."

जेवणं उरकेपर्यंत काकांना ते कौतुकच वाटत होतं.