रुमालाखालचा निकाल

आमच्या मैलूरच्या गल्लीतले व्यंकटअण्णा आपलं मत कधी तोंडानं सांगत नाहीत. एका लग्नात आचाऱ्यानं हौसेनं विचारलं, "अण्णा, वांग्याची भाजी कशी झालीय?" अण्णांनी भर पंगतीत खांद्यावरचा रुमाल त्याच्या हातावर टाकला आणि आत त्याची दोन बोटं दाबली. पाचपैकी दोन. आचारी बिचारा उरलेल्या पंगतीत भाजी सोडून नुसता भातच वाढत राहिला.

अण्णांची जन्मभर तुरीची आडत. पूर्वी भाव असाच ठरायचा, रुमालाखाली बोटं दाबून. शेजारच्याला पत्ता लागत नसे. आता बाजारात संगणक आला, आडत मुलाकडे गेली, अण्णांची बायको, आमच्या वहिनी, देवाघरी गेल्या. रुमाल तेवढा अण्णांकडे राहिला. त्याला त्यांनी नवं काम शोधलं: घोडे.

जत्रेतली शर्यत जवळ आली की गावाबाहेरच्या माळावर पहाटे घोडे पळवायला आणतात. अण्णा थर्मास आणि कपबशी घेऊन हजर. घोडा पळत असताना मात्र ते त्याच्याकडे पाठ करून चहा पितात. "पळताना समदेच चांगले दिसतेत. थांबल्यावर बघावं," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. घोडा थांबला की ते पुढं होतात. नाकपुड्या बघतात, बरगड्यांची धाप बघतात, घामाचा वास घेतात. आणि माफ करा, पण लीदसुद्धा बोटांनी फोडून बघतात, तूर बघावी तशी. मग मालकाच्या हातावर रुमाल. पाच बोटं दाबली तर पळवा, मूठ मिटली तर नको.

"मोठ्यानं सांगा की," मी एकदा म्हटलं.

"कामून? चारचौघात नापास केलं तर त्याला काय वाटंल?"

"मालकाला?"

"घोड्याला हो!"

निकाल बरोबर येतो का, ते विचारू नका. गेल्या वर्षी पाच बोटांचा घोडा शर्यत सोडून उसाच्या गाडीमागं गेला. "भूक चांगली हाय, म्हंजे तब्येत चांगली हाय," अण्णा शांतपणे म्हणाले.

आता मी तिथं काय करत होतो? मी शाळामास्तर. स्कूटरवरून पडून पाय मोडला. हाड जुळलंय, आता बिनधास्त चाला, असं डॉक्टर म्हणाले. पण काठी सोडायची म्हटलं की मी ती आणखीच घट्ट धरायचो. काठी टेकत वर्गात जायची लाज वाटे, म्हणून रजा वाढवत होतो. अण्णा रोज पहाटे दार वाजवायचे. "गुरुजी, घोडा बघताना कपबशी धरायला माणूस पाहिजे. चला." एवढ्या वयाच्या माणसाला नाही कसं म्हणायचं? माळावर ती कपबशी माझ्याकडे देताना वर दटावायचे, "दोन्ही हातांनी धरा. सांडायची न्हाई." मी काठी बाभळीला टेकवून, जीव मुठीत धरून उभा राहायचो.

तिथं इक्बालभाईंची चंदा यायची. ती घोडीही गेल्या जत्रेत पडली होती. मी मनात ठरवून टाकलं होतं, चंदा शर्यतीत उतरली तर मीही शाळेत जाणार. हे बायकोलाही सांगितलं नव्हतं.

शर्यतीच्या आदल्या सकाळी चंदा पळाली आणि थांबली. इक्बालभाईंनी हात पुढं केला. "अण्णा, बोलो." मला बाभळीपासून काही दिसेना, म्हणून कपबशी घेऊन मी भराभर जवळ गेलो. चंदा पुढचा एक पाय पुढं टाकून उभी होती, त्यावर भार देत नव्हती. रुमालाखाली मूठ मिटलेली मला वरूनच कळली.

इक्बालभाईंनी तिच्या मानेवरून हात फिरवला. "औंदा न्हाई बेटी. अगले साल."

मला रडू यायचंच बाकी होतं.

"तुमी कामून तोंड पाडायलाव?" अण्णा म्हणाले. "ती घोडी हाय, तुमी गुरुजी हाव. द्या हात."

कपबशी काढून घेऊन त्यांनी माझ्या हातावर रुमाल टाकला आणि आत एकेक करून पाचही बोटं दाबली.

"हे कशाचे, अण्णा?"

त्यांनी मान वळवून मागं बघितलं. मीही बघितलं. माझी काठी तिकडं लांब, बाभळीला टेकलेली होती.

"रोज बघायलोय. आज तर तुमी पळतच आलाव. थेंब सांडला न्हाई."

मी कपबशीकडे बघतच राहिलो. एवढे दिवस माझीच तब्येत बघणं चाललं होतं, आणि मला पत्ता नव्हता.

"उद्यापासून शाळा," अण्णा रुमाल परत खांद्यावर टाकून थर्मासचं झाकण लावत म्हणाले. ते नीट बसेना. "मग कपबशीला दुसरं कोण तरी बघावं लागंल. घरात एकट्याला पहाटे चहा जात न्हाई."

मी त्यांच्या खांद्यावरचा रुमाल ओढला, त्यांच्या हातावर टाकला आणि आत त्यांची पाचही बोटं दाबली.

"शाळा दहाला भरते, अण्णा. पहाटे दार वाजवा."