हाऊजीवर अण्णांची धाड

"स्वल्प थांबा! हा खेळ अकलेचा की नशिबाचा?"

आमचे शेजारी भीमराव अण्णा कुठल्याही खेळाला आधी हाच प्रश्न विचारतात. माझ्या मुलीला लुडो खेळताना विचारला, तर ती म्हणाली, "फासा नशिबाचा, पण कुठली सोंगटी चालवायची ती अक्कल माझी." अण्णा दोन दिवस गप्प. तिसऱ्या दिवशी दारात येऊन म्हणाले, "निकाल राखून ठेवलाय."

अण्णा निवृत्त न्यायाधीश. घराणं शिवकाळापासून बंगळुरातलं. मी पुण्याहून आलेला, सर्जापूर रोडवरच्या याच इमारतीत त्यांच्या समोरच्या दारात.

गणपतीत आम्ही दुपारची हाऊजी ठेवली. तिकीट दहा रुपये, बक्षीस स्टीलचा डबा. आकडे मी पुकारत होतो. "बावीस!" म्हणालो आणि मागच्या खुर्चीतून अण्णा उठले.

"खेळ बंद! पैसे लावून नशिबाचा खेळ म्हणजे जुगार. गुन्हा डोळ्यांदेखत घडला की दखल घेणं न्यायाधीशाचं कर्तव्य!"

"अण्णा, तुम्ही रिटायर झालात."

"मी झालो. कायदा झालाय काय?"

आणि त्यांनी स्वतःच पोलिसांना फोन लावला. अर्ध्या तासात फौजदार आले. आधी गणपतीला नमस्कार, मग अण्णांना सॅल्यूट.

"आरोपी कोण, सार?"

अण्णांनी माझ्याकडे बोट केलं. "हा चालक." मग जरा घुटमळून खिशातून एक तिकीट काढलं. त्यावरचे पाच आकडे पेनानं खोडलेले होते. "आणि हा खेळणारा. म्हणजे मी."

फौजदारांचं पेन थांबलं. "म्हणजे सार, तुम्ही फिर्यादी की आरोपी?"

अण्णांनी तिकीट पुन्हा खिशात घातलं. शेवटी फौजदारच म्हणाले, "पैसे परत द्या, डबा देवापुढे ठेवा. सरी? ठीक?" मोदक खाऊन ते गेले.

अण्णा खालच्या बाकावर एकटेच जाऊन बसले. मी चिडूनच गेलो. "बंदच पाडायची होती, तर तिकीट कशाला घेतलंत?"

त्यांनी खिशातलं तिकीट काढून बाकावर ठेवलं. मग म्हणाले, "नोकरीत असताना एकच घर होतं, मी पत्ते खेळायला जायचो असं. शंकराप्पाचं. एकदा पोलिसांनी त्यालाच जुगारात धरून माझ्यापुढे उभा केला. तो मित्र, म्हणून मी केस दुसऱ्या कोर्टात पाठवली. शिक्षा झाली त्याला. पुन्हा बोलला नाही. त्यानंतर मी कुणाच्याच घरी बसलो नाही. आज तुम्ही सगळे हसत होता. वाटलं, बसावं. पाच आकडे होईपर्यंत बसलोही. मग पुन्हा तसंच होईल अशी भीतीच वाटली."

मी त्यांच्या शेजारी बसलो.

"एक विचारू?" अण्णा म्हणाले. "खेळ संपल्यावर काय करता तुम्ही लोक?"

"काही नाही. चहा घेतो. गप्पा मारतो."

"त्यात तिकीट नसतं?"

"नसतं, अण्णा."

"मग पुढच्या वेळी," ते खाली बघत म्हणाले, "खेळ संपल्यावर मला हाक माराल?"