फाइली नसलेला फोल्डर

“सर्व्हरवरच्या माझ्या फोल्डरमध्ये तुम्हाला काम दिसणार नाही. पण सगळं तिथेच आहे. हात लावू नका!” रजेवर जाताना मॅडमनी टापटीपरावांना बजावलं होतं.

टापटीपराव हे नाव ऑफिसनं ठेवलेलं. पहिल्यांदाच कारभार हाती आला होता. संध्याकाळी पाचला एका दवाखान्याला रुग्णनोंदणीचा प्रोग्रॅम द्यायचा. तो वेळेत गेला की कारभार कायमचा त्यांचाच!

“त्यात काय अवघड? शिस्त लागते फक्त!” म्हणत त्यांनी सकाळीच फर्मान काढलं. सगळ्यांनी आपापलं काम सर्व्हरवर जमा करायचं, संगणकावरच्या जुन्या प्रती पुसायच्या, मग ताजी प्रत उतरवायची. मधल्या वेळात ते सर्व्हर झाडून घेणार!

झाडता झाडता मॅडमचा फोल्डर आला. उघडून बघतात तर कामाची एक फाइल नाही! दोन-दोन अक्षरी नावांचे शेकडो छोटे फोल्डर, आत नुसती गिचमिड, जणू कीबोर्डवर मांजर झोपून उठलंय!

“अच्छा! म्हणून हात लावू नका! बाईंना कचऱ्याची लाज वाटत असणार.”

फोल्डर उडवला. शेजारी त्याचीच राखीव प्रत होती. “एकच कचरा दोनदा?” तीही उडवली!

पाच मिनिटांत टेस्टिंगच्या ताई आल्या. “दादा, ताजी प्रत उतरत नाहीये हो.”

“कुठून उतरवताय?”

ताईंनी पत्ता वाचला. तो मॅडमच्या फोल्डरचाच होता.

“पण त्यात काहीच नव्हतं!”

“अहो, तिथे बसून कुणी काम करत नाही, म्हणून फाइली मांडलेल्या नसतात! आपण जमा केलेला एकेक बदल तेवढा साठतो. वर्षाचं काम होतं ते!”

“मग तुमची जुनी प्रत?”

“पुसली. तुम्हीच मागे उभे होतात ना!”

सगळ्यांनीच पुसली होती. उरला कोपऱ्यात बसणारा, सगळे ज्याला ‘पसारा’ म्हणत तो सहकारी. तो जांभई देत म्हणाला, “फर्मान? मी वाचलंच नाही. माझ्याकडे सात प्रती आहेत. ‘नवीन’, ‘अगदी नवीन’, ‘शेवटची’, ‘शेवटचीच’... सकाळी सगळ्यांचे बदल त्यांतल्या एकीत ओढून घेतलेत. कुठल्या प्रतीत, ते आठवत नाही.”

“शोधा हो! म्हणाल ते करीन, शब्द देतो!”

‘शेवटचीच’मध्ये सगळा इतिहास सापडला. त्यातून सर्व्हरवर पुन्हा तसाच फोल्डर उभा राहिला. पाचला दोन मिनिटं कमी असताना प्रोग्रॅम गेला!

“आता शब्द,” म्हणत पसाऱ्यानं ड्रॉवर ओढला. आत अकरा कप. “एवढे धुऊन आणा.”

“हा हिरवा कुणाचा?”

“माझाच. पांढरा होता.”

टापटीपरावांनी बाह्या सरसावल्या, अकराही कप ट्रेमध्ये मांडले आणि बेसिनकडे निघाले.