चार शिट्ट्यांचं यंत्र

कुकरचा सेफ्टी वॉल्व्ह दुसऱ्यांदा उडाला आणि तुरीची डाळ छताला जाऊन चिकटली, तेव्हा झुंबरबाई कुकरपासून तीन हातांवर बसून गवार निवडत होत्या.

"शिटीच वाजनी नही," त्यांनी मुलाला आणि सुनेला ठणकावून सांगितलं. "वाजती तर मी गॅस बंद करती ना? मी काय बहिरी शे?"

या प्रश्नाचं उत्तर धुळ्याच्या पाचव्या गल्लीतल्या प्रत्येक माणसाला ठाऊक होतं. पण ते झुंबरबाईंना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं सांगायची छाती कुणाचीच नव्हती. उलट त्यांच्या म्हणण्याला मान देऊन मुलानं, अभिमननं, कुकरची शिटी दोनदा बदलून आणली होती.

सून कुंदा एका सूतगिरणीत टेलिफोन बोर्डावर होती. सहा महिन्यांची कच्ची नोकरी पुढच्या महिन्यात पक्की व्हायची होती. साडेनऊला ती कुकर चढवून निघायची, चार शिट्ट्यांनंतर गॅस बंद करणं एवढंच सासूबाईंचं काम. डाळ छतावर गेली त्या दिवशी कुंदा नवऱ्याला म्हणाली, "अहो, उद्या झाकणच उडालं तर? मला नोकरी सोडायची नाहीये आणि आत्याबाईंना भाजूही द्यायचं नाहीये. तुम्ही एवढे रेडिओ दुरुस्त करता, काहीतरी करा."

अभिमनचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं आणि दुकानापेक्षा त्याचा जीव घरच्या खटपटीत जास्त. त्यानं टेलिफोनच्या जुन्या रिसीव्हरमधला मायक्रोफोन काढला, चार लाल दिवे जोडले आणि सगळं एका साबणाच्या डबीत बसवलं. शिटी वाजली की एक दिवा लागायचा, चारही लागले की गॅस बंद करायचा. पहिल्याच सकाळी झुंबरबाईंनी दूधवाल्याला हाक मारली आणि चारही दिवे एका दमात लागले.

मग तो इरेला पेटला. कुकरच्या शिटीचा आवाज टेपरेकॉर्डरवर भरून घेतला आणि नेमका तेवढाच सूर आत घेणारी, बाकीचे आवाज गाळणारी चाळणी सर्किटमध्ये बसवली. त्या सुरासाठी तीन दिवस कुकर इतक्यांदा वाजवला, की घरात वरण पेल्यात ओतून प्यायची वेळ आली. पण चौथ्या दिवशी दूधवाला आला, कुल्फीवाला गेला, झुंबरबाई शेजारणीशी गप्पा मारून आल्या, तरी एकही दिवा लागला नाही. कुकरची शिटी झाली आणि पहिला दिवा लागला. अभिमनच्या डोळ्यांत पाणीच आलं.

आता प्रश्न उरला आईला सांगायचं काय. "तुझ्यासाठी केलंय" म्हटलं असतं तर यंत्र उकिरड्यावर गेलं असतं.

"माय," तो तिच्या कानाशी ओरडला, "दिवसभर फोन कानाला लावून कुंदाचे कान दमतात. रविवारी तिला शिटी कळत नाही. तिच्यासाठी मशीन केलंय. तू रोज दिव्यांकडे बघून ते बरोबर चालतंय का, एवढं तपासत जा."

झुंबरबाईंना हे फार पटलं. त्या रोज पाट घेऊन साबणाच्या डबीसमोर बसू लागल्या, चौथा दिवा लागला की गॅस बंद करू लागल्या. डाळ मऊ होऊ लागली आणि छत स्वच्छ राहिलं. अभिमन आठ दिवस गल्लीतून छाती काढून चालला.

पण तपासनिसाला आपल्या कामाबद्दल बोलल्यावाचून राहवतं थोडंच! झुंबरबाई ओट्यावर बसून बायकांना सांगू लागल्या, "मनी सूनना कान गयात वं माय. फोनवर बशी बशी बठ्ठा गयात. बिचारी काई बोलत नही. मना अंडोरनी, अभिमननी, तिले मशीन करी दिधं."

आपण हळू बोलतोय असं झुंबरबाईंना वाटत होतं. ते अर्ध्या गल्लीनं ऐकलं.

दुसऱ्या दिवशी समोरच्या लिलाबाईंनी कुंदाला रस्त्यातच गाठलं आणि कानापाशी येऊन किंचाळल्या, "व-हि-नी! ल-स-णी-चं ते-ल घा-ला!" कुंदा दचकून एवढी मागे सरकली, की लिलाबाईंची खात्रीच पटली. लिलाबाईंचे मालक भाईदास सूतगिरणीत टाइमकीपर होते. तीन दिवसांत बातमी मॅनेजरच्या टेबलावर पोचली.

"बाई," मॅनेजरनं कुंदाला बोलावून मोठ्यानं, तोंड फाकवून विचारलं, "तुम्हाला ऐकायला त्रास आहे का?"

"तुम्ही असे ओरडलात तर होईल," कुंदा म्हणाली.

"हे पाहा, टेलिफोन बोर्डावर बहिरी बाई पक्की केली, असं उद्या संचालक म्हणाले तर मी काय सांगू? कानाच्या डॉक्टरचा दाखला आणा. नाहीतर ऑर्डर निघणार नाही."

घरी येताना ती पायानं नाही, रागानं चालत होती. अभिमन गयावया करू लागला, "मी जाऊन खरं सांगतो. माय बहिरी आहे म्हणून सांगतो."

"म्हणजे उद्या ते भाईदास घरी सांगणार आणि त्या लिलाबाई आत्याबाईंच्या कानाशी किंचाळणार! नको. माझे कान आहेत, मी दाखवते. दहा डॉक्टर बसवा म्हणावं समोर."

झुंबरबाईंना एवढंच समजलं, की सुनेची नोकरी अडलीय आणि तिला डॉक्टरकडे नेणार आहेत. त्यांनी चपला घातल्या. "मी बी येस. मनी सूननी नोकरी कोन लेस ते देखसू मी!"

दवाखान्यात डॉक्टरांनी कुंदाच्या कानांना हेडफोन लावला. आवाज आला की बोट वर करायचं. कुंदाचं बोट असं सटासट वर जात होतं, की डॉक्टर हसले. "बाई, तुमच्याइतके तीक्ष्ण कान या महिन्यात पाहिले नाहीत," असं म्हणून त्यांनी दाखल्यावर सही केली.

कुंदानं दाखला पर्समध्ये टाकला तोच झुंबरबाई खुर्चीत जाऊन बसल्या. "मशीन बरोबर शे का ते मी देखस," असं म्हणत त्यांनी हेडफोन चढवलासुद्धा.

डॉक्टरांनी एक बटण दाबलं, मग दुसरं, मग आवाज पार शेवटापर्यंत वाढवला. खोलीतल्या नर्सलाही तो ऐकू आला. झुंबरबाई ताठ मानेनं समोर बघत बसल्या होत्या.

"डॉक्टरभाऊ," त्या शेवटी म्हणाल्या, "तुमनी मशीन बंद पडेल शे. मना अभिमनकडे धाडी द्या. तो नीट करी देई."

डॉक्टरांनी तोंड उघडलं. कुंदानं सासूच्या हाताकडे पाहिलं. त्या हातानं हेडफोन कानावर इतका घट्ट दाबून धरला होता, की बोटं पांढरी पडली होती. म्हातारीला सगळं कळतं, हे कुंदाला त्या क्षणी कळलं. इतक्या दिवसांचा राग तिथेच विरघळला.

"हो डॉक्टर," ती म्हणाली. "आता बंदच पडलेली दिसते."

डॉक्टरांनी एकदा तिच्याकडे पाहिलं, मग मशीनचा दिवा मालवला. "खरंच की," ते म्हणाले.

दाखला मॅनेजरच्या टेबलावर आपटला गेला. आठवड्यात पक्क्या नोकरीची ऑर्डर निघाली. इकडे झुंबरबाईंनी ओट्यावर नवा अहवाल दिला, "चार दिवानी मशीन लायी आनि पंधरा रोजमा सूनना कान साफ व्हयनात!"

त्यानंतर अभिमनच्या दुकानात विचित्र गिऱ्हाइकी सुरू झाली. सगळ्या सत्तरीच्या बाया, सगळ्या ओरडून बोलणाऱ्या. सगळ्यांत आधी लिलाबाईंच्या सासूबाई, नर्मदाबाई, काठी टेकत आल्या. "अभिमनभाऊ, मनी सूनले बी आजकाल कमी ऐकाले येस. तिले बी तशी मशीन करी दे."

पंधरवड्यात या गल्लीतल्या आणि पलीकडच्या मिळून अकरा सुना बहिऱ्या निघाल्या.

एका संध्याकाळी लिलाबाई तणतणत कुंदाकडे आल्या. "हे काय चाललंय, वहिनी? सासूबाई गल्लीभर सांगत फिरताहेत, की माझे कान गेले! मला सुई पडलेली ऐकू येते! मी बहिरी नाही!"

"मला माहीत आहे," कुंदा शांतपणे म्हणाली. "तुम्ही जाऊन सांगा ना नर्मदाबाईंना, की बहिरं कोण आहे ते."

लिलाबाई उंबऱ्यातच थांबल्या. आपल्या घराकडे, ओट्यावर एकट्या बसलेल्या म्हातारीकडे त्यांनी बराच वेळ पाहिलं.

"भावजींना सांगा," त्या हळूच म्हणाल्या, "दिवे जरा मोठे बसवा. मला हल्ली दिसतंही कमी."